रविवारच्या सुट्टीचे आठ रविवार

मागणी एका ओळीची होती. चर्चच्या आवारात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना रविवारची सुट्टी हवी होती. मालकाने ती ऐकल्याबरोबर मान्य केली. त्यानंतर ती प्रत्यक्ष मिळायला आठ रविवार लागले, आणि त्यातले सात रविवार बाई कामावर होत्या. त्या काळातल्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहिलं. वही दोनशे पानी आहे आणि अजून माझ्याकडेच आहे.

मी सांगलीच्या एका दैनिकात पंचवीस वर्षं उपसंपादक होतो. निवृत्त झाल्यावर वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो. इस्लामपूर बसने अर्ध्या तासावर, कराड त्याहून थोडं लांब. गावाच्या कडेला, दोन उसाच्या शेतांच्या मधे, एक लहान कॅथलिक चर्च आहे. तिथे येणारी घरं पंधरा-वीस: दवाखान्यांत काम करणाऱ्या केरळच्या नर्सेस, साखर कारखान्यातला एक केमिस्ट, दोन शिक्षक, नगरकडून कामासाठी येऊन राहिलेली काही कुटुंबं. माणसं लांबून येतात, म्हणून रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची सामुदायिक उपासना, झाल्यावर फादरच्या घराच्या पडवीत सगळ्यांचा नाश्ता असतो. नाश्त्याची भांडी घासून होईपर्यंत जेवणाची वेळ होते. म्हणजे विश्रांतीसाठी राखून ठेवलेल्या दिवशी त्या आवारात एका माणसाला आठवड्यातलं सर्वांत जास्त काम असायचं. ते माणूस म्हणजे स्वयंपाकाच्या बाई.

बाई आटपाडीकडच्या, धनगराच्या घरातल्या. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन फिरतीवर जायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. एकुलती मुलगी बारावी होऊन कराडला नर्सिंगला लागली होती. तिच्या वसतिगृहाचा नियम असा की मोबाइल आठवडाभर वॉर्डनच्या कपाटात. रविवारी सकाळी दहा ते बारा मोबाइल हातात मिळणार आणि त्याच वेळात घरच्यांची भेट. मुलीला तिथे करमत नव्हतं. वॉर्डनने बाईंना सांगितलं होतं, पहिले काही महिने दर रविवारी घरचं कोणी आलं तर पोरी टिकतात, नाही आलं तर बॅग भरतात. बाईंना रविवार हवा होता तो एवढ्यासाठी.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्या फादरना म्हणाल्या, "फादर, मला रविवार मोकळा पायजे."

"घ्या की, मावशी."

"कायमचा."

"कायमचा घ्या."

हे संभाषण अर्ध्या मिनिटात संपलं. प्रकरणही तिथेच संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

दर मंगळवारी संध्याकाळी फादर आपल्या खोलीत चर्चच्या सामाजिक शिकवणीचा वर्ग घेत. कामगार, मजुरी, मालकी, विश्रांती या विषयांवर पोपमंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जी पत्रं लिहिली, ती तिथे वाचली जायची. वर्गाला तिघे येत. केमिस्ट, कारण त्याला फादरबद्दल आदर होता. मी, कारण संध्याकाळी मला दुसरं काम नव्हतं. आणि कॉम्रेड, विरोधी मत नोंदवायला.

कॉम्रेड सत्तरी ओलांडलेले. कारखान्याच्या बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झाले, पण युनियनचं पद सोडलं नव्हतं. त्यांच्या घरी सोप्यात दाढीवाल्या जर्मन तत्त्ववेत्त्याची तसबीर आहे, शेजारी त्यांच्या आईची, तिच्या शेजारी खंडोबाची. दसऱ्याला तिघांना मिळून एक लांब हार घालतात. काही वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडून ते दीड महिना एका मिशन दवाखान्यात होते. खाटेशेजारी एकच पुस्तक होतं. ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. फादरनी उलट धर्मशिक्षणाच्या काळात त्या जर्मनाचे जाडजूड ग्रंथ वाचले होते. खोडून काढायला म्हणून वाचायला दिले होते, आणि ते त्यांच्या पक्के लक्षात राहिले. परिणामी वादात दोघेही दुसऱ्याचाच ग्रंथ वापरत.

त्या मंगळवारी वर्ग सुरू होण्याआधी फादर सहज म्हणाले, "मावशींना रविवारची सुट्टी देऊन टाकली."

कॉम्रेडनी कप खाली ठेवला. "दिली म्हंजे?"

"त्यांनी मागितली, मी दिली."

"आवं फादर, सुट्टी काय परसाद हाय का, हात पसरला आन ठेवला? आज तुमी दिली. मे म्हयन्यात तुमची बदली. नवा फादर आला आन म्हणला, कसली सुट्टी, तर वैनीनं कुणाचं दार वाजवायचं?"

कॉम्रेड बाईंना मावशी म्हणत नसत. नातं जोडलं की हक्क बुडतो, असं त्यांचं मत होतं. ते त्यांना वैनी म्हणत.

बदली खरोखर अपेक्षित होती. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"पोरीचं तीन वर्सं हाय," त्या म्हणाल्या. "लिवून मिळंल का?"

रविवारखेरीज बाईंनी त्या दोघांकडे मागितलेली ही एकच गोष्ट. दोघेही एकदम हो म्हणाले.

मग कॉम्रेडनी पद्धत सांगितली. बाईंना युनियनचं सभासद करायचं, मागणीपत्र द्यायचं, वाटाघाटी करायच्या, करार करायचा. आणि करार होईपर्यंत दोन्ही बाजूंनी जैसे थे. "तुमी आत्ताच सुट्टीवर गेला तर वादच ऱ्हात न्हाई, वैनी. वाद न्हाई तर करार कशाचा करायचा?"

फादरना हे तर्कशुद्ध वाटलं. मलाही वाटलं.

"किती दिस लागतील?" बाईंनी विचारलं.

"दोन रविवार."

"फार तर दोन," फादर म्हणाले.

बैठका रविवारी ठरल्या. गळीत हंगाम चालू असल्यामुळे इतर दिवशी कॉम्रेड कारखान्याच्या फाटकावर असत. फादर इतर दिवशी शिराळ्यापासून कराडपर्यंत विखुरलेल्या घरांच्या भेटींना जात. मंगळवारची संध्याकाळ वर्गाला राखलेली, म्हणून दोघांना मोकळा असा रविवारच होता. इतिवृत्त लिहायला तटस्थ माणूस हवा, म्हणून माझं नाव निघालं. "संपादक लिवतील," कॉम्रेड म्हणाले. मी कधीही संपादक नव्हतो. ही दुरुस्ती मी पहिल्या दोन बैठकांत केली, मग सोडून दिली.

युनियनच्या नियमावलीत स्वयंपाकी हा वर्ग नव्हता. बाईंची नोंद 'इतर' या रकान्यात झाली.

पहिल्या बैठकीत कराराचं नाव ठरवायचं होतं. फादरना 'सलोख्याचा करार' हवं होतं, कॉम्रेडना 'मागण्यांचा करार'. दीड तासाने 'करार' हे नाव मंजूर झालं. बाईंनी कांदेपोहे केले होते, नंतर जेवणाला मटण. मार्गशीर्ष लागायला अवकाश होता, त्यामुळे कॉम्रेडनी मटण खाल्लं.

दुसऱ्या बैठकीला कॉम्रेड पोपच्या पत्राची मराठी प्रत घेऊन आले. तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"ह्यातलं निम्मं आमचंच हाय," ते म्हणाले.

"ते तुमचं खोडून काढायला लिहिलंय, कॉम्रेड."

"खोडायच्या आधी वाचावं लागतंय. वाचलं की लागण होती."

फादरनी शांतपणे फरक सांगितला. चर्च खाजगी मालकी नाकारत नाही, वर्गावर्गातलं वैर मान्य करत नाही. पण कामगाराला संघटना करायचा हक्क आहे, घर चालेल एवढी मजुरी मिळायला हवी, आणि विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून न्याय आहे, असं तेच पत्र सांगतं. त्यामुळे रविवारची सुट्टी ही देणगी आहे असा करारात कुठेही सूर येता कामा नये.

"मी तेच सांगतोय की," कॉम्रेड म्हणाले. "तुमच्याच धा आज्ञांत दासीला इसावा सांगितलाय. बैलालाबी सांगितलाय. गाढवालाबी. मग वैनीला का न्हाई?"

"मी पहिल्याच दिवशी दिला होता."

"तीच तर अडचण हाय."

फादरनी मग विचारलं की कामाच्या दिवसाच्या लांबीवर तुमच्या त्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात एक मोठं प्रकरण आहे, ते वाचलंय का. कॉम्रेड म्हणाले, कार्यकर्त्याला एवढा वेळ कुठं मिळतो. पुढच्या रविवारी ते प्रकरण वाचून आले. मालकावर राग धरण्याजोगं त्यात पुष्कळ होतं, आणि ते त्यांना मालकाने दाखवून दिलं होतं, याची त्यांना थोडी टोचणी होती.

याच बैठकीत मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. पावणेबारा वाजले होते. बाईंचा मोबाइल पिठाच्या डब्यावर उभा केलेला होता आणि आवाज मोठा होता, कारण बाईंचे दोन्ही हात कणकेत होते.

"आई, तू कवा येणार?"

"पुढच्या रविवारी."

"मागच्या बारीलाबी असंच म्हणलीस."

"आता लिवून देत्यात बाळा."

"काय लिवून देत्यात?"

"माझा रविवार."

"कोण?"

"तिघं जण हायेत. बसल्यात हितंच."

मग मुलगी म्हणाली, "तिघांना एवढा येळ?"

बाईंनी मला पाहिलं आणि कोपराने मोबाइल आडवा केला. मी पाणी पिऊन परत आलो.

तिसऱ्या बैठकीत प्रस्तावनेवर गाडी अडली. कॉम्रेडना 'कामगाराने संघर्ष करून मिळवलेला हक्क' हे शब्द हवे होते. फादर म्हणाले, "संघर्ष झालाच नाही. न घडलेली गोष्ट घडली म्हणून मी सही केली तर ती खोटी साक्ष होईल. आज्ञाच आहे."

कॉम्रेडनी यावर विचार केला. आज्ञा त्यांनाही पाठ होती. "मग घडवू," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहा ते बारा लाक्षणिक संप ठरला. नोटीस कॉम्रेडनी दिली. फादरनी ती घेतल्याची पोच दिली. थंडीचे दिवस होते आणि जमीन गार होती, म्हणून नाताळात येशूजन्माचा गोठा मांडण्यासाठी फाटकाजवळ घातलेला मांडव फादरनी संपाला वापरायला दिला. त्यात भाताच्या पेंढ्याचं पिंजर पसरलेलं होतं. बाई पिंजरावर बसल्या. कॉम्रेड खुब्यामुळे खुर्चीवर बसले. मी वही घेऊन उभा होतो.

घोषणा द्यायला कॉम्रेड होते, पण उत्तर द्यायला कोणी नव्हतं. केमिस्टची कारखान्यात पाळी होती. बाईंना घोषणा द्यायची लाज वाटत होती.

"कामगार एकजुटीचा," कॉम्रेडनी आवाज चढवला.

"विजय असो," फादर म्हणाले. ते बाईंच्या शेजारी येऊन बसले होते.

कॉम्रेड थांबले. "आवं फादर, तुमी मालक हाय. तुमी गप बसायचं."

"न्याय्य मागणीला पाठिंबा देणं माझं कर्तव्य आहे."

"मग आतनं द्या पाठिंबा. हितं बसू नका. बघणाऱ्याला कळंना कोण कुणाच्या इरोधात बसलंय."

फादर घरात गेले. पुढचा तासभर घोषणांना खिडकीतून उत्तर येत राहिलं.

रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरची रांग चालली होती. एका चालकाने मांडव आणि पिंजर पाहून गाणं बंद केलं आणि वेग कमी केला. "काय झालंय? फादर गेलं का?"

"संप हाय," कॉम्रेड म्हणाले.

"कुणाचा?"

"हिचा."

"कुणाच्या इरोधात?"

कॉम्रेडनी खिडकीकडे बोट केलं. फादरनी हात हलवला. चालकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि गाणं परत सुरू करून तो निघून गेला.

बाई मधे दोनदा उठल्या. आत गॅसवर डाळ होती. संपानंतर मालक, संपकरी आणि इतिवृत्त लिहिणारा अशा सगळ्यांचं जेवण त्याच डाळीवर होतं. माझी नोंद अशी आहे: संप दोन तास, शांततेत, डाळीसाठी दोनदा विराम.

चौथ्या बैठकीत संघर्ष झाल्याचं एकमताने मान्य झालं. फादरनी विराम धरायचा का असं विचारलं, पण ताणून धरलं नाही. दोनच्या ऐवजी चार रविवार झाले होते. बाई जेवण वाढताना म्हणाल्या, "पुढल्या बारीला हुईल का?" कॉम्रेड म्हणाले, "झाल्यातच जमा हाय."

पाचव्या बैठकीत प्रश्न निघाला की रविवारी बाई नसतील तर स्वयंपाक कोण करणार. हा प्रश्न आधी कोणाला सुचला नव्हता. फादर म्हणाले, दुसऱ्या बाई बघू. कॉम्रेडनी विचारलं, त्या दुसऱ्या बाईंच्या रविवारचं काय. फादर म्हणाले, त्यांना सोमवार देऊ. कॉम्रेड म्हणाले, आज्ञेत सोमवार नाही. मग त्यांच्या जागी तिसऱ्या बाई, असं करत कागदावर पाच बायका झाल्या आणि प्रत्येकीचा रविवार अडकलेला. शेवटी फादर म्हणाले, "मी करीन. मला अंडी उकडता येतात."

"मालकानं कामगाराच्या जाग्यावर काम करायचं म्हंजे संपफोडेपणा झाला," कॉम्रेड म्हणाले.

"संप संपला ना, कॉम्रेड."

"सवय लागती."

सहावी बैठक सर्वांत चांगली झाली. फादरनी चर्चच्या शिकवणीतलं एक तत्त्व मांडलं: जे खालच्या पातळीवरचं माणूस स्वतः ठरवू शकतं, ते वरच्याने आपल्या हातात घेऊ नये. कॉम्रेडनी मांडी थोपटली. आमचंही तेच, म्हणाले, कामगाराची सुटका कामगारानेच करायची असते, दुसऱ्याने करून चालत नाही. दोघे अर्धा तास एकमेकांशी सहमत होत राहिले. दोन्ही तत्त्वं एका वाक्यात जोडून ती प्रस्तावनेत घालायचं ठरलं, आणि ते वाक्य मी लिहून दिलं. बाई त्या वेळी मागच्या दारी भांडी घासत होत्या. त्यांना आत बोलवावं असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही.

सातव्या बैठकीत मसुदा पूर्ण झाला. चार पानं भरली. पाच बायकांचा प्रश्न 'परस्पर सामंजस्याने' या शब्दांत बसवला. सह्या करून मोकळं व्हायचं असं फादर म्हणत होते, पण कॉम्रेडना समारंभ हवा होता, आणि आमच्याकडे समारंभाला कोणी नाही म्हणत नाही. पुढचा रविवार ठरला, नाताळच्या आधीचा. स्टेज, शाल, श्रीफळ, बाईंना साडीचोळी. फ्लेक्सवर फादर आणि कॉम्रेडचे फोटो, खाली माझा, 'ज्येष्ठ संपादक' म्हणून. बाईंचा फोटो कोणाकडे नव्हता. पन्नास माणसांचा स्वयंपाक धरला. मार्गशीर्ष चालू असल्यामुळे कॉम्रेड मटण खाणार नव्हते. घरच्यांसाठी पाळतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत वेगळं धरलं. हा सगळा स्वयंपाक कोण करणार, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. बाई अजून जैसे थे होत्या.

बुधवारी दुपारी बाई गिरणीतून दळण घेऊन जाताना माझ्या दारात थांबल्या.

"सायेब, तुमी वहीत समदं लिवता न्हवं?"

"हो."

"माझं काय लिवलंय?"

मी वही काढली आणि पानं चाळली. सात बैठका आणि एक संप. बाईंची नोंद संपाच्या पानावर होती. बाकी ठिकाणी 'चहा झाला', 'नाश्ता झाला', 'जेवण झालं'. मी ते वाचून दाखवलं.

"आपोआप व्हतंय का ते?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, चौकशी केल्यासारखं.

मी वही मिटली. मग त्यांनी ज्यासाठी थांबल्या होत्या ते सांगितलं. वॉर्डनचा फोन आला होता. मुलीने बॅग भरली होती. येत्या रविवारी बारापर्यंत घरचं कोणी येऊन समजूत घालणार असेल तर ठीक, नाहीतर तिला घरी न्या, कॉट अडवून ठेवता येणार नाही.

"तुमी सांगा त्येंना. तुमचं ऐकत्यात. समारंभ दुसऱ्या दिशी करा म्हणावं."

"मी तटस्थ आहे," मी म्हणालो.

हे वाक्य वहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

"व्हय का," बाई म्हणाल्या. त्यांनी दळणाचा डबा डोक्यावर घेतला आणि गेल्या.

रविवारी सकाळी आठ वाजता फादरना स्वयंपाकघराची कडी बाहेरून लावलेली दिसली. आत ओटा पुसलेला, गॅस बंद, मटण फ्रिजमधे, वांगी टोपलीत. मिस्साची वेळ झाली होती, ते चर्चमधे गेले. मिस्सा संपल्यावर चाळीसेक माणसं पडवीत येऊन बसली आणि नाश्त्याची वाट पाहू लागली. तेवढ्यात टेम्पोतून कॉम्रेड आले, बरोबर कारखान्याचे पाच कामगार. केमिस्टने त्यांना सांगितलं की मावशी सव्वासातच्या बसमधे दिसल्या, कराडच्या.

कॉम्रेड कडी लावलेल्या दाराकडे बराच वेळ बघत राहिले. "संप हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "नोटीस न देता."

"संप कसला? शब्बाथ आहे, विसाव्याचा दिवस," फादर म्हणाले. "त्यांनी आज्ञा पाळली."

"मागणी मान्य व्हायच्या आधी काम बंद केलं तर त्याला संपच म्हणत्यात."

"मागणी मी आठ आठवड्यांपूर्वी मान्य केली आहे."

"तोंडी."

पडवीतली मुलं रडायला लागली होती. एका केरळच्या नर्सने पदर खोचला आणि ती कडी काढायला गेली. कॉम्रेडनी काठी आडवी धरली. "सिस्टर, आत जाऊ नका. संप चालू हाय, तुमी काम केलं तर संप फुटंल."

नर्सने फादरकडे पाहिलं.

फादरनी नकारार्थी मान हलवली. "कॉम्रेड म्हणतात त्या कारणासाठी नाही. पण आज रविवार आहे. तुम्हालाही विश्रांती आहे."

आठ रविवारांत दोन्ही बाजूंचं एका व्यावहारिक मुद्द्यावर पूर्ण एकमत झालं ते हे: कोणीही स्वयंपाकघरात जायचं नाही. कडी तशीच राहिली. पन्नास माणसं उपाशी होती आणि भिंतीपलीकडे पाच किलो मटण होतं.

साडेदहाला सत्काराचे चार नारळ फोडले. कारखान्याच्या एका कामगाराने टेम्पोतून गुळाची ढेप आणली. फ्लेक्सच्या खाली बसून सगळ्यांनी खोबरं आणि गूळ खाल्ला. मग समारंभ झाला. फादर आणि कॉम्रेड दोघांनीही भाषणात बाईंच्या धैर्याचा उल्लेख केला. एकाने त्याला वर्गजाणीव म्हटलं, दुसऱ्याने विवेकबुद्धी. साडीचोळी रिकाम्या खुर्चीवर ठेवली. तीन सह्या झाल्या. घटनेची नोंद संप म्हणून करायची की शब्बाथ म्हणून, यावर दोघे माझ्याकडे वळले. मी तटस्थ होतो. मी लिहिलं, 'चहा झाला नाही.'

सोमवारी सकाळी मी कराराची प्रत घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बाई तांदूळ निवडत होत्या.

"काय झालं कराडला?" मी विचारलं.

"ऱ्हायली. बॅग सोडायला लावली. लय रडली, मंग जेवली. आता दर रविवारी येते म्हणून सांगून आले."

"करार झालाय."

"वाचा."

मी चारही पानं वाचली. श्रमाची प्रतिष्ठा, वर्ग, न्याय, सर्वांचं हित, खालच्या पातळीवर ठरवण्याचं तत्त्व, कामगाराने स्वतःची सुटका करण्याचं तत्त्व. बाईंनी मधे एकदाही हात थांबवला नाही. शेवटी त्यांनी प्रत मागून घेतली. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे फादर. हे कॉम्रेड. हे तुमी. माझी सही कुठं?"

मी पाहिलं. मालक, युनियन आणि साक्षीदार, अशा तीन ओळी आखलेल्या होत्या. आठ आठवडे मसुदा माझ्या हाताखालून गेला होता. चौथी ओळ नव्हती.

"घालता येईल," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी कागद परत दिला. "रविवारी बैठक घिऊन ठरवा तुमी. मी नसणार."

बैठक झाली. फादरनी अंडी उकडली, कॉम्रेडनी हरकत नोंदवून दोन खाल्ली. चौथी ओळ बाकीच्या तीन ओळींच्या वर असावी की खाली, यावर अजून निर्णय व्हायचा आहे. फादरच्या बदलीचा मे यायलाही अवकाश आहे. बाई सव्वासातच्या बसने जातात.